आम्ही काळे नाही, काळे ते पलीकडचे

आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' म्हणून एक रकाना असतो आणि त्यात कुणी 'काळा' लिहिलेलं मी तरी आजपर्यंत पाहिलेलं नाही. गोरा, निमगोरा, गव्हाळ, अगदीच इलाज नसला तर सावळा. आमच्या एका चुलतबहिणीचा बायोडेटा बनवताना घरात या एका रकान्यावर पाऊण तास खल झाला, शेवटी 'गव्हाळ'वर तडजोड झाली, आणि ती स्वतः बाजूला बसून म्हणाली की असला गहू तुम्ही दुकानदाराला परत केला असता. हे आठवायचं कारण असं की कॅरिबियन समुद्रात एक देश आहे जिथे हा रकाना थेट सरकारी ओळखपत्रावर होता, आणि तिथल्या 'गव्हाळ'ला म्हणायचे 'इंदियो'.

देश म्हणजे डोमिनिकन रिपब्लिक. इंदियो म्हणजे इंडियन, म्हणजे १४९२ मध्ये कोलंबस पोचला तेव्हा त्या बेटावर राहणारे ताइनो लोक. आता हे ताइनो स्पॅनिशांच्या वेठबिगारीने आणि देवीच्या साथीने पुढच्या पन्नासेक वर्षांत जवळजवळ संपले होते, आणि आज तिथे जे लोक आहेत ते बहुतेक आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि स्पॅनिश यांच्या मिश्रणातून आलेले. तरी हुकूमशहा राफाएल त्रुहियोच्या काळापासून रंग लिहायची वेळ आली की लिहायचं इंदियो, जरा उजळ असला तर इंदियो क्लारो, गडद असला तर इंदियो ओस्कुरो. संपलेल्या जमातीचं नाव जिवंत माणसाला लावायचं, कशासाठी, तर 'नेग्रो' लिहावं लागू नये म्हणून. कारण नेग्रो म्हणजे हैतीचा. आणि हैती म्हणजे शेजारी, त्याच बेटाचा पश्चिमेकडचा साधारण एक तृतीयांश तुकडा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये डोमिनिकन सरकारने जाहीर केलं की आता आठवड्याला १० हजारपर्यंत हैतीयन लोकांना बाहेर काढणार, आणि त्या एका वर्षात पावणेतीन लाखांच्या वर लोकांना सीमेपलीकडे पाठवलं. अशी बातमी आली की ठरलेल्या दोन प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे 'बरोबर आहे, घुसखोर आहेत, कुठला देश सहन करेल', दुसरी म्हणजे 'हा निव्वळ वंशद्वेष आहे'. मला दोन्ही अर्धवट वाटतात. तिथे दोन वेगळे प्रश्न एका दोरीत वळलेत. एक प्रश्न बाहेरून येणाऱ्यांचं काय करायचं हा, तो खरा आहे आणि अवघडही आहे. दुसरा प्रश्न आम्ही नक्की कोण हा, तो दोनशे वर्षं जुना आहे. पहिल्याच्या नावाखाली दुसऱ्याचा हिशोब चुकता केला जातो, आणि त्याचं बिल फाडलं जातं ते अशा माणसाच्या नावावर ज्याने आयुष्यात ती सीमा कधी ओलांडलेलीच नाही. माझा मुद्दा एवढाच आहे, पण तो पटवून द्यायला जरा मागे जावं लागेल.

बेटाचा पश्चिम भाग १६९७ मध्ये स्पेनकडून फ्रान्सकडे गेला आणि फ्रेंचांनी तिथे साखर आणि कॉफीचा असा काही कारखाना काढला की शंभर वर्षांत ती जगातली सगळ्यात श्रीमंत वसाहत झाली. श्रीमंत कुणासाठी ते सांगायला नको, पाच लाखांच्या आसपास गुलाम होते. १७९१ मध्ये त्यांनी बंड केलं, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. दुसऱ्या वर्षीच्या राज्यघटनेत त्यांनी एक भन्नाट कलम टाकलं, की हैतीचे सगळे नागरिक यापुढे 'काळे' या एकाच नावाने ओळखले जातील, आणि यात तिथे स्थायिक झालेले काही पोलिश आणि जर्मन गोरेसुद्धा आले. म्हणजे बेटाच्या एका बाजूने ठरवलं आम्ही सगळे काळे, दुसऱ्या बाजूने पुढे ठरवलं आमच्यात काळा कुणीच नाही. कातडीचा इथे किती कमी संबंध आहे बघा.

पूर्वेकडचा स्पॅनिश भाग गरीब होता, गुरं राखणाऱ्यांचा, तिथे गुलाम कमी आणि मिश्र लोक जास्त. त्यांनी १८२१ च्या शेवटी स्पेनशी संबंध तोडले आणि दोनअडीच महिन्यांत, फेब्रुवारी १८२२ मध्ये, हैतीचा राष्ट्राध्यक्ष बोये फौज घेऊन आत आला. पुढची २२ वर्षं अख्खं बेट हैतीच्या ताब्यात. आता डोमिनिकन माणसाच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. त्या २२ वर्षांच्या त्यांच्या तक्रारी काही हवेतल्या नव्हत्या. फ्रान्सने १८२५ मध्ये हैतीला मान्यता द्यायच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, नंतर ते ९ कोटींवर आणले, म्हणजे ज्यांना गुलाम केलं त्यांच्याकडूनच नुकसानभरपाई, आणि बोयेने त्या कर्जाचा बोजा पूर्वेकडच्या लोकांवरही टाकला, ज्यांचा फ्रान्सशी काडीचा संबंध नव्हता. चर्चच्या जमिनी घेतल्या, पोरांना सैन्यात ओढलं. त्याच्याआधी १८०५ मध्ये हैतीच्या फौजेने परत जाताना मोका गावात केलेली कत्तल लोकांच्या आठवणीत होतीच. हे सगळं खरं आहे. फक्त त्याच यादीत आणखी एक गोष्ट आहे जी कुणी ठळक अक्षरात लिहीत नाही, ती म्हणजे पूर्वेकडची गुलामगिरी त्याच बोयेने बंद केली. आज जो डोमिनिकन माणूस काळा शब्द ऐकून चिडतो त्याच्या खापरपणजीची बेडी कदाचित हैतीच्या शिपायाने तोडली असेल.

२७ फेब्रुवारी १८४४ ला डोमिनिकन रिपब्लिक स्वतंत्र झाला, तोच त्यांचा स्वातंत्र्यदिन. लॅटिन अमेरिकेतले बहुतेक देश युरोपातल्या मालकापासून सुटका साजरी करतात, हा देश शेजाऱ्यापासून सुटका साजरी करतो. त्यात पुन्हा एक उलटा किस्सा आहे. १८६१ मध्ये त्यांच्याच राष्ट्राध्यक्षाने, सांतानाने, देश उचलून स्पेनला परत देऊन टाकला! मग १८६३ ते १८६५ लढाई झाली, त्यातला सगळ्यात मोठा सेनानी ग्रेगोरिओ लुपेरोन आफ्रिकन वंशाचा होता, आणि लढणाऱ्यांना मदत कुणाची, तर हैतीची. हा भाग राष्ट्रकथेत आहे, सुट्टीपण आहे, पण तापतात ते १८४४ च्या नावाने. राष्ट्र म्हणजे काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं याची यादी, आणि तिथे ही यादी करणाऱ्यांना एक सोपं सूत्र सापडलं की हैती काळा तर आपण गोरे, हैतीत वूडू तर आपण कॅथलिक, ते आफ्रिका तर आपण स्पेन. स्वतःचं वर्णन करायला शेजाऱ्याचं नाव घ्यावं लागतं ही खरंतर फार लाचार अवस्था आहे, पण जगात दुर्मिळ मात्र नाही.

आता ऊस. मला वाटतं या विषयावर लिहिणारे लोक रंगावर फार लिहितात आणि उसावर कमी. अमेरिकेने १९१५ ते १९३४ हैती ताब्यात ठेवला आणि १९१६ ते १९२४ डोमिनिकन रिपब्लिक, आणि त्या काळात पूर्वेकडे अमेरिकन भांडवलावर साखरेचे मळे वाढले. ऊस तोडायला माणसं हवी होती, हैतीत जमीन तुकड्यातुकड्यांत आणि पोट मोठं, मग टोळ्या सुरू झाल्या. मळ्यातल्या मजुरांच्या वस्तीला तिकडे 'बातेय' म्हणतात. बीड किंवा धाराशिवकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, कोयता तोच, मुकादमासारखा मधला माणूस तोच, वजनात मारलेली मापं तीच. फरक एवढाच की आपला ऊसतोड कामगार पट्टा पडला की गावी परत येतो आणि त्याचं मतदार यादीतलं नाव गावात असतं. तिथे माणूस राहून गेला, त्याची पोरं बातेयमध्ये झाली, त्यांची पोरंपण तिथेच, आणि कागदावर ते 'हंगामी' होते.

आणि हे चोरून चाललेलं नव्हतं हो. १९५२ पासून दोन सरकारांमध्ये रीतसर करार होते, दर हंगामाला इतके मजूर, त्यांच्या बदल्यात हैतीच्या सरकारला डोकी मोजून पैसे. हैतीचे बापलेक हुकूमशहा, थोरला दुवालिए, मग धाकटा दुवालिए, दोघांनी ही कमाई केली, १९८६ मध्ये धाकटा पळून गेला तेव्हा कुठे ती व्यवस्था मोडली. म्हणजे आज ज्यांना बेकायदा म्हणतात त्यांच्यातल्या अनेकांच्या आजोबाला सरकारनेच ट्रकमध्ये घालून आणलं होतं, पैसे देऊन. घुसखोर शब्द वापरण्याआधी हे एकदा मनात घोळवावं असं माझं म्हणणं आहे.

मधे १९३७ येतं, आणि तिथे थांबावंच लागतं. त्रुहियो १९३० मध्ये सत्तेवर आला. हा स्वतः आईकडून हैतीयन रक्ताचा, आजीकडून, आणि तोंडाला पावडर थापून फिरायचा. (माणूस जितका आरशाला घाबरतो तितका दुसऱ्यांच्या जिवावर उठतो की काय कोण जाणे.) तेव्हा सीमेवर काय होतं तर सीमा अशी नव्हतीच. दाहाबोनच्या बाजूला लोक दोन्ही भाषा बोलायचे, लग्नं व्हायची, गुरं इकडून तिकडे चरायची, पोरं नदी ओलांडून शाळेत जायची. राजधानीला ते बघवेना. २ ऑक्टोबर १९३७ ला त्रुहियोने दाहाबोनच्याच एका कार्यक्रमात भाषण केलं की बंदोबस्त सुरू झाला आहे आणि चालू राहील. पुढचे काही दिवस सैनिकांनी हजारो लोक मारले, मुख्यतः कोयत्यासारख्या मचेतेने, म्हणजे चिडलेल्या शेतकऱ्यांनी मारलं असं दाखवता यावं. आकडा कुणालाच पक्का लावता आलेला नाही, काही हजारांपासून वीस-तीस हजारांपर्यंत अंदाज आहेत.

याला 'पार्सलीची कत्तल' म्हणतात, कारण सैनिक म्हणे पार्सलीची जुडी दाखवून विचारायचे हे काय, स्पॅनिशमध्ये त्याला पेरेखिल, त्यातला 'र' आणि घशातला 'ख' हैतीयन क्रिओल बोलणाऱ्याला नीट जमायचा नाही, जीभ अडखळली की संपला. हे खरंच किती सरसकट झालं यावर इतिहासकारांत वाद आहेत, कारण मारलेल्यांतले पुष्कळ तिथेच जन्मलेले होते, त्यांना स्पॅनिश चांगलं यायचं. पण मला तो वादच जास्त बोलका वाटतो. ज्यांना 'र' येत होता त्यांनाही मारलं, म्हणजे परीक्षा फक्त नावाला होती. आपणही कुणाला 'ळ' म्हणता येतो का बघून हसतो, त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही, आणि हसण्यापुरतं असेपर्यंत नसेलही. पण परीक्षा घेणाऱ्याच्या हातात काय आहे यावर सगळं असतं.

१९३७ मधली एक गोष्ट तर अशी आहे की ती कळली की पुढचं सगळं उलगडतं. अमेरिकन मालकीच्या साखर मळ्यांवरचे हैतीयन मजूर मोठ्या प्रमाणात वाचले. त्यांना हात लावला नाही! सीमेवर स्वतःची जमीन कसणारा, दुकान चालवणारा, तिथलाच होऊन गेलेला हैतीयन मारला, आणि बातेयमध्ये कोंडलेला, रोजावर राबणारा हैतीयन ठेवला. म्हणजे हैतीयन माणसाचा त्रास नव्हता, तो बरोबरीने शेजारी राहतो याचा त्रास होता. नंतर अमेरिकेच्या मध्यस्थीने भरपाई ठरली साडेसात लाख डॉलर, तीही पुढे कमी करून सव्वापाच लाखांवर आणली, आणि ज्यांची माणसं मेली त्यांच्यापर्यंत त्यातलं फारसं काही गेलंच नाही. आणि १९३८ मध्ये ज्यू निर्वासितांना कुठलाच देश घ्यायला तयार नसताना हाच त्रुहियो म्हणाला मी एक लाख घेतो. सोसुआ नावाच्या गावात शेवटी काहीशेच वसले, त्यांचे जीव वाचले ही गोष्ट मोठीच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्याला युरोपियन रक्त हवं होतं आणि कत्तलीने गेलेली अब्रू धुवायची होती हे उघड गुपित होतं.

हाच हिशोब १९९१ मध्ये पुन्हा दिसतो, फक्त यावेळी कोयत्याऐवजी हुकूमनामा होता. अमेरिकेत मळ्यांवरच्या बालमजुरीवरून आरडाओरडा झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष बालागेर, जो १९३७ मध्ये त्रुहियोच्या परराष्ट्र खात्यात होता आणि ज्याने त्या कत्तलीची बाजू जगापुढे मांडली होती, त्याने आदेश काढला की कागदपत्रं नसलेल्या १६ वर्षांखालच्या आणि ६० वर्षांवरच्या हैतीयनांना बाहेर काढा. सोळाच्या खाली आणि साठच्या वर. मधले राहू द्या. बैलबाजारात याच्यापेक्षा जास्त संकोच असतो.

राजकारणात हे किती खोल मुरलंय ते बघायचं तर पेन्या गोमेसची गोष्ट. खोसे फ्रान्सिस्को पेन्या गोमेस जन्मला मार्च १९३७ मध्ये, हैतीयन वंशाच्या आईबापांच्या पोटी, त्या कत्तलीत घर उधळलं गेलं आणि एका डोमिनिकन शेतकरी कुटुंबाने त्याला वाढवलं. (त्या कुटुंबाची आठवण मुद्दाम काढतोय, कारण सामान्य लोक सगळेच कोयते घेऊन नव्हते.) तो शिकला, देशातला सगळ्यात मोठा वक्ता झाला, १९८२ मध्ये राजधानीचा महापौर झाला, आणि १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी बालागेरसमोर उभा राहिला तेव्हा प्रचार काय, तर हा हैतीयन आहे, हा निवडून आला तर दोन्ही देश एक करेल, वूडू करेल. त्या निवडणुकीत इतका गोंधळ झाला की शेवटी बालागेरची मुदत चारऐवजी दोन वर्षांची करून तडजोड करावी लागली. १९९६ मध्ये पेन्या गोमेस पहिल्या फेरीत सर्वात पुढे होता, मग दुसऱ्या फेरीत बालागेरने आपल्या जुन्या विरोधकांशी हात मिळवून 'राष्ट्रीय देशभक्त आघाडी' असं नाव दिलं आणि त्याला पाडलं. नावातच देशभक्त. म्हणजे तो कोण ते वेगळं सांगायला नको. दोन वर्षांनी तो कॅन्सरने गेला.

आता या सगळ्याचा कायद्यात उतरलेला अर्क. १९२९ पासून तिथल्या घटनेत होतं की देशात जन्मला तो नागरिक, अपवाद दोनच, परदेशी वकिलातीतल्या लोकांची मुलं आणि 'प्रवासात असलेल्यां'ची मुलं. प्रवासात म्हणजे जहाज बदलायला थांबलेले, नियमांत त्याची मुदत दहा दिवसांची. साधी गोष्ट. मग २३ सप्टेंबर २०१३ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की ज्यांच्याकडे वास्तव्याचे कागद नव्हते ते सगळेच 'प्रवासात' होते, त्यामुळे त्यांची इथे जन्मलेली मुलं नागरिक नाहीत, आणि हे लागू १९२९ पासून. केस होती एका तरुणीची, १९८४ साली तिथेच जन्मलेली, जन्मदाखला असलेली, जी फक्त ओळखपत्र काढायला ऑफिसात गेली होती. आडनाव हैतीयन दिसलं म्हणून तिचा दाखला ठेवून घेतला. तिने कोर्टात दाद मागितली तर कोर्टाने तिच्यासकट दोनेक लाख लोकांचं नागरिकत्व हवेत सोडलं. तीस-चाळीस वर्षं ऊस तोडणारा माणूस म्हणे प्रवासात होता! कुठे चालला होता तो?

जगभरातून टीका झाल्यावर मे २०१४ मध्ये १६९-१४ नावाचा कायदा केला आणि लोकांचे दोन गट पाडले. ज्यांच्या जन्माची नोंद होती ते एका गटात, त्यांना कागद परत. ज्यांची नोंदच झालेली नव्हती, आणि ती बहुतेकदा झाली नव्हती कारण रजिस्ट्रारने आईचा मजुराचा पास बघून हाकललं होतं, त्यांनी आधी 'परदेशी' म्हणून नाव नोंदवायचं आणि मग दोन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचा. स्वतःच्या गावात स्वतःला परदेशी म्हणून सही करा. मुदतीत नाव नोंदवणारे निघाले ८,७५५. अमेरिका खंडाच्या मानवाधिकार न्यायालयाने तर आधीच, २००५ मध्ये, दोन मुलींच्या केसमध्ये सांगितलं होतं की आईबापाचा व्हिसा नसणं हे मुलांना वारसाहक्काने मिळत नाही. डोमिनिकन न्यायालयाचं उत्तर नोव्हेंबर २०१४ मध्ये आलं, की त्या न्यायालयाचा अधिकार आम्ही मुळात नीट स्वीकारलेलाच नव्हता. हे वकिली डोकं दाद द्यावी असं आहे खरं.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की हैतीची अवस्था बघा. बघितली. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोईझला घरात घुसून मारलं, त्यानंतर निवडणूक नाही, राजधानीचा जवळपास सगळा भाग टोळ्यांच्या ताब्यात, २०२४ मध्ये साडेपाच हजारांवर खून, २०२५ च्या मध्यापर्यंत तेरा लाख लोक घर सोडून देशातल्या देशात विस्थापित. आणि याच्या शेजारी साधारण तेवढ्याच लोकसंख्येचा, स्वतःही काही फार श्रीमंत नसलेला देश. २०१० च्या भूकंपात सगळ्यात आधी मदतीला धावले ते डोमिनिकनच, त्यांनी हॉस्पिटलं उघडी केली, हे विसरून चालणार नाही. फ्रान्सने दीडदोन पिढ्यांची कमाई उकळली, अमेरिका एकोणीस वर्षं बसून गेली, आणि आता सगळे मिळून डोमिनिकन रिपब्लिकला सांगतात तुम्ही माणुसकी दाखवा. त्यांना राग येतो तो मला समजतो. कुठल्याही देशाला आपल्या दारात कोण येतं हे ठरवायचा हक्क आहे, कुंपण घालायचाही आहे, २०२२ पासून ते १६४ किलोमीटरची भिंत बांधतायत, बांधोत बापडे, भिंतीने काय होतं ते जगाला माहीत आहे.

पण मग एकच विचारतो. माणसं नको असतील तर कामावर कोण घेतंय? २०१७ च्या तिथल्या सरकारी सर्वेक्षणात हैतीत जन्मलेले पाच लाखांच्या आसपास लोक होते, आणि ते काही समुद्रकिनाऱ्यावर ऊन खात बसलेले नाहीत. केळीच्या बागा, इमारतींचे स्लॅब, रस्ते, भाताची शेतं. बांधकामवाल्याला कागद असलेला मजूर परवडत नाही, कागद नसलेला परवडतो कारण तो मजुरी बुडवली तरी पोलिसात जात नाही. हद्दपारीची भीती हा त्या धंद्यातला कच्चा माल आहे. माणूस ट्रकमध्ये घालून पलीकडे सोडला, त्याने हजारपाचशे देऊन परत प्रवेश केला, दुसऱ्या साइटवर कमी रोजावर लागला, मधले दोन्ही बाजूचे लोक पैसे खाऊन मोकळे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने तिथल्या सगळ्यात मोठ्या साखर कंपनीची साखर सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवली, २०२५ मध्ये ती बंदी गुपचूप उठली. सरकारला खरोखर स्थलांतर आवरायचं असतं तर धाडी मालकांच्या ऑफिसवर पडल्या असत्या. त्या पडतात बातेयवर पहाटे, आणि एप्रिल २०२५ पासून हॉस्पिटलमध्ये. उपचार देतात, बाळंतपण करतात, ते नाकारत नाहीत हे कबूल, पण आधी कागद बघतात आणि मग ओल्या बाळंतिणीला गाडीत घालतात. याचा परिणाम काय होणार ते कुठल्याही सुईणीला विचारा, बायका हॉस्पिटलात जायच्याच बंद होतात.

सप्टेंबर २०२३ मधली कालव्याची भानगड तर या सगळ्याचं छोटं मॉडेल आहे. दोन्ही देशांमधून वाहणाऱ्या मासाक्र नदीतून (नाव कत्तलीवरूनच, पण १९३७ च्या नाही, अठराव्या शतकातल्या दुसऱ्याच एका) हैतीच्या शेतकऱ्यांनी वानामेंत या सीमेवरच्या गावापाशी अर्धवट राहिलेला कालवा पुन्हा खणायला घेतला. सरकार नाही, पैसा नाही, लोकांनी वर्गणी आणि श्रमदानावर काम चालवलं. डोमिनिकन राष्ट्राध्यक्ष अबिनादेरने सगळी सीमा बंद केली. दाहाबोनला दर सोमवारी आणि शुक्रवारी मोठा बाजार भरतो, हैतीचे लोक येऊन अंडी, तांदूळ, कांदे नेतात, तो बंद पडला, आणि अंडी कुणाची कुजली, तर डोमिनिकन व्यापाऱ्याची. महिन्याभराने यांनी व्यापारापुरतं गेट उघडलं तर हैतीच्या लोकांनी आपल्या बाजूचं उघडलं नाही, म्हणाले आता आमचा कालवा होऊ दे! मला मनापासून हसू आलं होतं ते वाचून. कालवा झाला. नदी दोघांची आहे हे मान्य करून बसून बोलले असते तर आठ दिवसांचं काम होतं.

हे सगळं लांबचं आहे असं वाटणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, जास्त खोलात जात नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या, पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं आणि मग ते आपलेच निघाले म्हणून परत आणावं लागलं. बंगाली बोलतात म्हणून ठरवलं, असा आरोप झाला. पेरेखिल.

म्हणून माझं मत असं की डोमिनिकन रिपब्लिकने सीमेवर काय करायचं ते करावं, पण जो तिथे जन्मला त्याच्या बाबतीत सीमेचा प्रश्न येतच नाही. त्याला कागद देणं हे हैतीवर उपकार नाहीत, त्यात हैतीचा संबंधच नाही. आणि ज्यांना कामाला बोलावलं त्यांना कामाचा परवाना द्या, मालकाला विमा आणि किमान मजुरी भरायला लावा, मग बघू किती जणांना किती हैतीयन हवेत. २०१४-१५ च्या नोंदणीत दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार लोकांनी अर्ज केले होते, म्हणजे लोक रांगेत उभं राहायला तयार होते, कागद जमवत होते. अडलं ते पुढे, परवान्यांच्या नूतनीकरणात, आणि ते अडून राहणं पुष्कळांच्या सोयीचं होतं. सोनिया पिएर नावाची एक बाई होती, बातेयमध्ये जन्मलेली, तेराव्या वर्षी ऊसतोड्यांच्या मोर्चाच्या पुढे चाललेली, आयुष्यभर ती हेच सांगत राहिली की मी डोमिनिकन आहे, मला कुठे परत पाठवताय. २०११ मध्ये ती वारली, निकाल यायच्या दोन वर्षं आधी, आणि तिच्या हयातीतच तिचं स्वतःचं नागरिकत्व काढून घ्यायचा प्रयत्न झाला होता.

आणि आता ती पेन्या गोमेसची उरलेली गोष्ट. तो गेल्यावर काही वर्षांनी, २००२ मध्ये, राजधानी सांतो दोमिंगोच्या विमानतळाला त्याचं नाव दिलं. लाखो टुरिस्ट तिथे उतरतात, बीचवर जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकन वकिलातीने आपल्या नागरिकांसाठी एक सूचना काढली की हद्दपारीच्या मोहिमा चालू आहेत, तुमची कातडी काळी असेल किंवा तुम्ही आफ्रिकन वंशाचे दिसत असाल तर तुम्हाला चौकशीला अडवू शकतात. डोमिनिकन सरकार भडकलं, म्हणालं आमच्यावर असला आरोप कसा करता, आम्ही स्वतः काळे आणि मुलातो, म्हणजे मिश्र वंशाच्या, लोकांचा देश आहोत.